मोरबाईचा ळ

मोरबाईला ळ म्हणता येत नसे. बाकी सगळं मराठी तिला यायचं, माझ्यापेक्षा चांगलं यायचं, आणि तेच माझं पहिलं दुखणं. पण ळ आला की तिची जीभ पुढे घसरायची आणि दातांवर आपटून त्याचा ल व्हायचा. शाळेला ती शाला म्हणे, टाळीला टाली. एखादी गोष्ट समजली नाही की गंभीर चेहऱ्याने म्हणे, "क्षमा करावी, मला कललं नाही," आणि मला वाटे, ही आता कलते की काय. फैजपूरच्या माझ्या दिरांनी घरच्या बागेतला केळ्यांचा घड पाठवला, तेव्हा तिने फोन करून त्यांचे आभार मानले, "आपण पाठवलेली केली फार उत्तम होती." दीर बिचारे दिवसभर आठवत बसले, की आपण नेमकं काय केलं.

आमच्याकडे ती पाठ द्यायला आली होती. शिक्षक व्हायचं तर आधी खऱ्या वर्गासमोर उभं राहून पाठ द्यावे लागतात. मीही दिले होते, डीएडला असताना, कॉलेजच्या मागच्या गल्लीतल्या शाळेत. तेवढ्या वाटेनेही मला आपण फार लांब निघालोय असं वाटायचं. ही मुलगी पाठ द्यायला मॉरिशसहून धुळ्याला आली. मध्ये अख्खा समुद्र. तिचे कोणी पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. तिकडच्या शाळांत अजून मराठी शिकवतात, आणि हिला ते शिकवणारी बाई व्हायचं होतं. काही दिवस परदेशातल्या वर्गात शिकवून ये, असं तिच्या कॉलेजने सांगितलं. धुळ्याच्या कॉलेजने होकार दिला आणि तिला माझ्या हवाली केलं. वर्ग माझा, पहिलीचा, आणि मुक्कामही माझ्याच घरी. "खेड्यातल्या शाळेत तुमच्याइतकं शुद्ध कोण बोलतं, बाई," असं प्राचार्य मॅडम म्हणाल्या. मी फुगले. त्या काळात मी कशानेही फुगत असे. वय पंचावन्नच्या आसपास, म्हणजे अक्कल यायची वेळ टळून गेलेली.

मोरबाई हे नाव मुलांनी ठेवलं. पहिल्या दिवशी मॉरिशस म्हणायचा प्रयत्न झाला. दुसऱ्या दिवशी त्याचं मोरीस झालं, तिसऱ्या दिवशी मोरी. मग मोरी म्हणजे न्हाणी हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि मुलांनी आपणहून सभ्यपणे शेवटची वेलांटी काढून टाकली. मला मुलांनी कधी असं विचारपूर्वक नाव दिलं नाही, अशी माझी समजूत होती. मला सगळे मागे 'ळबाई' म्हणत, हे निवृत्तीच्या समारंभात एका माजी विद्यार्थ्याने माइकवरून सांगितलं.

ती पुस्तकातून उतरून आल्यासारखी बोलायची. "बाई, आपली अनुमती असेल तर मी स्नानास जाते." "आमटी रुचकर झाली आहे, कृपया थोडी अधिक वाढावी." आम्ही गावच्या शाळेत काळीपिवळीने जायचो. पहिल्याच दिवशी ती ड्रायव्हरला म्हणाली, "महोदय, आपण वाहन किंचित सावकाश हाकावे." त्याने गाडी कडेला घेतली, पोट धरून हसून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी पुढची सीट राखून ठेवायला लागला. त्या गाडीने मी अर्धी नोकरी केली होती. मला कायम मागे, कुणाच्या तरी बकरीशेजारी.

आता माझ्या शुद्धपणाविषयी. मी धुळ्याजवळच्या खेड्यातली, अहिराणी बोलणाऱ्या घरातली. आमच्या बोलीत ळ नाहीच, आम्ही त्याचा य करून टाकतो. शाळा ती शाया, जळगाव ते जयगाव, आणि डोळ्यात काही गेलं तर डोयात. डीएडला पहिल्याच आठवड्यात मी वर्गात उभी राहून म्हटलं, "सर, मला फया दिसत नाही." पुढच्या बाकावरच्या शहरातल्या मुली अशा वळून हसल्या, की त्यानंतर मला फळा दिसला तरी डोळे भरून येत. मग मी हट्टाला पेटले. वसतिगृहाच्या हौदापाशी बसून जिभेखाली चिंचोका धरायचा आणि ळ ळ ळ करायचं. एकदा चिंचोका पोटात गेला, पण ळ आला. तो असा आला, की गरज नसेल तिथेही मी तो घालू लागले. पुढे सासर मिळालं फैजपूरचं. तिथली बोली आणखी वेगळी. त्यांना माझं हसू, मला त्यांचं. शेवटी मी पुस्तकी मराठीचं कुंपण घालून आत जाऊन बसले ते कायमची. माहेरी गेले तरी आई अहिराणीत बोलायची आणि मी तिला पाठ्यपुस्तकातून उत्तर द्यायची. आई शेजारणीला सांगे, "मनी आंडेर पुस्तकमा गई." माझी मुलगी पुस्तकात गेली. सासरी गेली म्हणावं तसं ती हे म्हणायची.

आमचे हे गेल्यावर मी आईला गावाहून धुळ्याला, देवपुरातल्या माझ्या घरी आणलं. मुलगा तेव्हा जळगावला नोकरीला होता. घरात आम्ही दोघीच. आई दिवसभर ओट्यावर बसायची, संध्याकाळी आत यायची, जेवून झोपायची. तिला फार बोलायला आवडत नाही, असं मी लोकांना सांगत असे.

शाळेत मोरबाईचा पहिला आठवडा वाईट गेला, आणि माझा चांगला. "बालांनो, आपण आसनस्थ व्हावे," असं तिने म्हटलं की वर्ग तोंड उघडून उभाच राही. बसायला सांगितलंय हे कुणाला कळायचं नाही. मुलं आपसात कुजबुजत, "काय म्हनस वं हाई?" मी मागे बसून मनातल्या मनात तिचे गुण कापत होते. पण तिने ती कुजबुज ऐकली. मधल्या सुट्टीत ती आपला कडक इस्त्रीचा कुर्ता सावरत मुलांत उकिडवी बसली आणि म्हणाली, "हे आपण काय बोलता, ते मला शिकवाल काय?" माझ्यासमोर 'हो बाई, नाही बाई' एवढंच बोलणारी मुलं. त्या दिवशी घंटा झाली तरी त्यांचं शिकवणं आटपेना. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच ती म्हणाली, "चला, बठ्ठा बसा." आणि सगळा वर्ग धपकन बसला.

मग काय विचारता. माझ्या तासाला मुलं शुद्ध आणि मुकी, तिच्या तासाला अशुद्ध आणि बाजार भरल्यासारखी. पूनम नावाची एक मुलगी होती. जून महिन्यापासून तिने माझ्याशी एक अक्षर उच्चारलं नव्हतं. मी तिला मंद समजून मागे बसवलं होतं. ती मोरबाईला घरची म्हैस कशी व्याली ते हातवारे करून सांगत होती, आणि मोरबाई मध्ये मध्ये विचारत होती, "मंग? मंग काय व्हयनं?" मी हजेरी घेत होते आणि माझे कान तिकडे. ती म्हैस शेवटी कशी आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही, कारण मी विचारू शकत नव्हते.

घरी आल्यावर मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, तुला मराठीची शिक्षिका व्हायचंय, समुद्र ओलांडून आलीस ती हे शिकायला?  ती तिच्या त्या इस्त्रीच्या मराठीत म्हणाली, "बाई, आमच्या घरी क्रिओल, म्हणजे तिकडची फ्रेंचमिश्रित बोली, बोलतात. माझ्या आजीस मराठी येत नव्हतं. शालेत मी क्रिओलमध्ये पाणी मागितलं, की शिक्षिका म्हणत, नीट माग. मग मी पाणी मागतच नसे."

 मी म्हटलं, "ते राहू दे. आधी पोळी म्हण. पोली नव्हे, पोळी."

आईची आणि तिची ओळख अशी झाली, की त्याला ओळख म्हणावं की गैरसमज, हे मला ठरवता येत नाही. ती येऊन दोन दिवस झाले होते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला तिचा अंगठा ठेचला आणि ती कळवळून ओरडली, "आयो." क्रिओल बोलणारे लोक दुखलं, दचकलं, आश्चर्य वाटलं की असंच म्हणतात, हे मला नंतर समजलं. आईला काय ठाऊक. तिला वाटलं, पोरीने आईला हाक मारली. ओट्यावरून ती तिच्या त्या वयात अशी उठली, की मी बघत राहिले. "काय वं माय, काय व्हयनं?" असं म्हणत ती आत आली, खाली बसली आणि पोरीचा पाय मांडीवर घेतला. हळद आणायला मला पिटाळलं. मी हळद घेऊन आले तर दोघी बोलत होत्या. एक पुस्तकातून, एक अहिराणीतून, आणि दोघींचं छान चाललं होतं. त्यानंतर दिवसातून चारदा तरी पोरगी कशाला ना कशाला "आयो" म्हणायची, आणि दर वेळी आई ओ द्यायची.

माझ्या आईला बोलायला आवडत नाही, ही माझी थाप आठवड्याभरात उघडी पडली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आणि त्या दोघी बाहेर. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी कशी थापायची ते आईने तिला शिकवलं. पोरगी कलण्याची म्हणायची, आई कयनानी म्हणायची. काही दिवसांनी तीही "कयनानी भाकर" मागायला लागली आणि म्हणाली, "बाई, मायच्या बोलीत माझा ळ कोणी मागतच नाही." आई तिला कानबाईची गाणी म्हणून दाखवायची. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, रात्रभर बायका गातात. आईचा आवाज असा आहे, हे मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकलं, तेही भाजीला फोडणी देताना, गॅस बारीक करून.

आणखी काय काय ऐकलं त्या भिंतीआडून. लग्नानंतर आई एकदा रुसून पांझरेच्या कोरड्या पात्रातून चालत माहेरी पळून गेली होती. वडील आणायला गेले, तर तिने त्यांना आधी माहेरचं अख्खं वावर निंदायला लावलं आणि मगच सोबत निघाली. माझे वडील. ज्यांच्यासमोर आम्ही मान वर करत नव्हतो. मी लाटणं हातात घेऊन बाहेर आले आणि आईला विचारलं, हे मला कधी का नाही सांगितलंस. आई म्हणाली, "तू कधी इचारं?"

मग ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आंडेर, तू जयी राह्यनी."

मी म्हटलं, "मी कशाला जळू?" ळ अगदी टाळूला लावून.

आईने पोरीच्या गुडघ्यावर थाप मारली. "दख वं मोर, हाई जयस ते बी शुद्ध जयस."

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मी आत जाऊन पोळी करपवली. ती मी आईच्या ताटात वाढली. हे सगळं मी नातीला सांगते तेव्हा ती म्हणते, आजी, तू किती जळकी होतीस गं. मी म्हणते, होतीस काय, अजून आहे. आता तर राहतेसुद्धा जळगावात, नावाला जागायला नको?

तेव्हा मला भीती कशाची होती, ते आज हसत सांगता येतं. वर्गातली मुलं जातील याची फारशी नव्हती. मुलं दर वर्षी जातात. मला वाटत होतं, ही पोरगी जाताना माझी आई घेऊन जाईल. विमानात बसवून नाही. आईची मुलगी कोण, याचा आईच्या मनात निकाल लागेल आणि तो माझ्या विरुद्ध असेल. मी हाडामासाची मुलगी, पण आईच्या भाषेत तिच्याशी दोन शब्द बोलायची माझी छाती नव्हती. आणि ही परकी पोरगी तिच्या कुशीत बसून तिला "माय" म्हणत होती.

म्हणून मी तिला शेवटचा पाठ दिला तो ळचा.

शेवटचा पाठ परीक्षकांसमोर असतो. त्यावर ती शिक्षिका होणार की नाही, हे ठरणार होतं. पहिलीला अक्षरं चालू होती आणि ळ लिहायला-वाचायला शिकवायचा राहिला होता, हे खरं. पण ज्ञसुद्धा राहिला होता आणि तो तिला सुरेख यायचा. पाठाचा विषय ऐकून ती पांढरी पडली. "बाई, माझा ळ तर..." एवढंच म्हणाली. मी अत्यंत प्रेमळपणे म्हटलं, प्रयत्न कर. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

पाठाच्या दिवशी कॉलेजच्या प्राचार्य मॅडम स्वतः परीक्षक म्हणून आल्या. मी शेवटच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसलेली. मोरबाईने फळ्यावर मोठा ळ काढला. अक्षर माझ्यापेक्षा सुबक. मग पिशवीतून एक केळं काढलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

वर्ग एका आवाजात ओरडला, "केयं."

ती म्हणाली, "केलं."

मी रुमाल तोंडाला लावला.  मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं, कारण फळ्यावरचं अक्षर ना य होतं, ना ल. तेवढ्यात मागच्या रांगेतून पूनम उठली, जिला मी मंद समजले होते ती. म्हणाली, "बाई, आपन दोन्ही चुकी राह्यनूत."

मोरबाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. म्हणाली, "मंग तू सांग."

पूनमने आ केला. बोट आत घालून जीभ कुठे न्यायची ते दाखवलं आणि म्हणाली, "ळ." स्वच्छ, खणखणीत, टाळूवरून निसटलेला ळ. मोरबाई म्हणाली, "ल." पूनम म्हणाली, "नही. आखो मांगे." अजून मागे. मग दुसरी एक जण उठली, मग सगळा वर्ग तिच्याभोवती. प्रत्येकाला आपला ळ दाखवायचा होता. कुणी तिची हनुवटी धरली, कुणी स्वतःची जीभ बोटाने वर ढकलत होतं. वर्षभर मी प्रार्थनेनंतर त्यांच्याकडून ळ घोकून घेत होते. ते माझ्यापुरता म्हणत आणि मैदानावर गेले की पुन्हा य. त्या दिवशी ते ळ म्हणत होते ते कुणाला तरी तो हवा होता म्हणून. केळं, फळा, बाळ, नळ, सगळे शब्द ते तिला भरवत होते. तास संपला तेव्हा अख्ख्या वर्गाला ळ येत होता. एका मोरबाईला सोडून.

बाहेर व्हरांड्यात प्राचार्य मॅडमनी मला बाजूला घेतलं. त्या अडचणीत पडल्या होत्या. "बाई, पाठ तर मी असा पाहिला नाही. पण शिकवणारीलाच शेवटपर्यंत अक्षर जमलं नाही हो. नियमाने पाहिलं तर पाठ पुन्हा घ्यायला पाहिजे. तुम्ही मार्गदर्शक आहात. तुम्ही म्हणाल तसं."

मी मनात हिशेब केला. पुन्हा पाठ म्हणजे पुन्हा तयारी, पुन्हा परीक्षक येणार, म्हणजे पोरीचा मुक्काम आणखी लांबणार. माझ्या घरात. माझ्या आईशेजारी. मी ताबडतोब म्हटलं, "मॅडम, पाठ उत्कृष्ट झाला. मुलांना अक्षर आलं, आणखी काय पाहिजे? तिला पास करा आणि पाठवा." ओघात मी तिच्या पाठाची अशी काही स्तुती केली, की मॅडमनी माझा हात हातात घेतला. "केवढं मोठं मन आहे बाई तुमचं," त्या म्हणाल्या. पुढे एका कार्यक्रमात त्यांनी हे भाषणातही सांगितलं. मी मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो विनय वाटला.

ती निघाली तेव्हा आईने ओट्यावरून हात हलवला नाही. आत भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोरगी तिच्या पायथ्याशी बसून काहीतरी बोलली, मला ऐकू आलं नाही. स्टँडवर बसमध्ये चढताना ती मला वाकून नमस्कार करून म्हणाली, "बाई, आपण मला ळचा पाठ का दिला, ते मला समजलं होतं." मी दचकले. ती म्हणाली, "आपला माझ्यावर फार विश्वास होता." एवढं बोलून ती चढली. ती थट्टा करत होती की खरं बोलत होती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. पुस्तकी मराठीत हीच अडचण आहे, चेहरा दिसत नाही.

तिला तिकडे शाळा मिळाली. मी निवृत्त झाले आणि आईला घेऊन जळगावला मुलाकडे आले. आई पुन्हा गप्प झाली. मी तिच्याजवळ बसून विचारी, आई, तुला काय हवं, बरं वाटतंय का. ती मान हलवी. एकदा धीर करून मी अहिराणीत तोंड उघडलं, पण पहिल्याच शब्दावर मला पुढच्या बाकावरच्या त्या मुली दिसल्या आणि वाक्य मध्येच शुद्ध झालं.  शेवटी मीच दर रविवारी मॉरिशसला व्हिडिओ कॉल लावून द्यायला लागले. स्क्रीनवर ती दिसली की आई उठून बसायची. दोघी तासभर बोलायच्या. आईला फोन धरता येत नसे म्हणून तो मी धरायचा. पडद्यावर त्या दोघींचे चेहरे, आणि कोपऱ्यात माझं अर्धं बोट. "जरा वर धर ना," आई म्हणायची. तेवढंच ती मला म्हणायची.

आई गेली ती पहाटे, झोपेत. घर माणसांनी भरलं. फैजपूरहून दीर आले, गावाहून भाऊबंद आले. जो तो "फार पुण्यवान होत्या" म्हणत होता, आणि मी "हो, हो" करत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.  बायका एकमेकींना कोपराने खुणावत होत्या, शिकलेली आहे ना, म्हणून.

नातीने मोरबाईला कळवलं होतं. तिचा कॉल आला तसा नातीने फोन आणून माझ्या हातात दिला. पोरगी तिकडे शाळेच्या कुठल्याशा जिन्यावर बसली होती आणि मोठ्याने रडत होती. तिची ती 'अनुमती' नि ते 'आपण' कुठल्या कुठे गेलं होतं. रडता रडता ती म्हणाली, "मनी माय गई वं, बाई. मनी माय गई."

माझ्या आतून काय उसळलं ते मला सांगता येणार नाही. दुःख तर होतंच. पण त्याच्या पुढे धावत आला तो हेवा. मी अजून रडले नव्हते, आणि ही माझ्याआधी रडत होती, माझ्या आईसाठी, माझ्या आईच्या बोलीत. मी तो फोन दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या घरासमोर ओरडले, "मनी माय व्हती ती. तुनी नही. मनी."

 सून बघत राहिली. तिने माझ्या तोंडून असं काही कधी ऐकलंच नव्हतं. गावाहून आलेल्या माझ्या म्हाताऱ्या चुलत भावाने मान वर केली.

तिकडे पोरीने डोळे पुसले. मला वाटलं, दुखावली. ती म्हणाली, "हां, तुनीच व्हती. मंग सांग ना, कशी व्हती?"

मी सांगू लागले. त्याच बोलीत, इतक्या वर्षांनी, आईला सोडून बाकी सगळ्यांसमोर. मला ती धड येत नव्हती, दर दोन शब्दांनी मध्ये पुस्तक आडवं येत होतं, आणि आता डोळ्यांतून पाणीही थांबेना. मी अडले की तिकडून ती योग्य शब्द सांगायची, माझ्या आईने तिला शिकवलेला. मी तो घ्यायची, पुढे बोलायची, आणि रडता रडता दर शब्दाला तिच्यावर नव्याने जळायची.